कुंडलच्या चौकातला फ्लेक्स

बसा निवांत. चहा ठेवलाय, तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. इतके दिवस ती सांगायची मला चोरी होती. पण परवा लेकीच्या लग्नाच्या अक्षता सुखरूप पडल्या आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आता हसायचं तेवढं हसा. फक्त हसताना आमच्या बायकोकडं, मंदाकडं बघू नका, कारण तिला ह्यातलं काहीच अजून हसण्यासारखं वाटत नाही.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. सांगलीत विश्रामबागला दुकान. बांबू, मडकं, पांढरं कापड, गुलाल-बुक्का, आणि बाहेर उभा असतो तो वैकुंठरथ. घरात दुःखाचा प्रसंग आला की घरच्यांना काही सुचत नसतं. दाखला, स्मशानाचा पास, लाकडं, भटजी, चौकात लावायचा फ्लेक्स, सगळं मी बघतो. सतरा वर्षं बघतोय. एरवी रस्त्यात भेटले तर लोक मान वळवतात, आणि वेळ आली की पहिला फोन मलाच करतात. त्याचं मला आता काही वाटत नाही.

वाटायला लागलं ते अश्विनीसाठी स्थळं बघायला लागलो तेव्हा. पोरगी फार्मसी शिकलेली, दिसायला आईवर गेलेली, नशीब. दोन स्थळं आली, पोहे खाऊन झाले, आणि 'तुमचा व्यवसाय काय?' ह्या प्रश्नावर परत गेली. एका बाईनं तर हातातली बशी तशीच खाली ठेवली. अश्विनी मला एका शब्दानं बोलली नाही. "पप्पा, जाऊ दे," एवढंच म्हणाली. मला ते 'जाऊ दे' लय लागलं.

त्याच सुमाराला साताऱ्यात आमच्या धंद्यातल्या लोकांची बैठक भरली. विषय काय, तर आचारसंहिता. आपल्या कामाला मान पाहिजे असेल तर आधी आपण नीट वागलं पाहिजे, असं सगळ्यांचं मत पडलं. नियम लिहायच्या समितीत मी होतो, आणि खोटं कशाला बोलू, निम्मे नियम माझेच आहेत. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. कोण गेलं, कसं गेलं, असलं विचारायचं नाही, घरचे सांगतील तेवढं ऐकायचं. तिरडी घोळक्यात नाही, बाजूला नेऊन बांधायची. मेसेज मोजका लिहायचा. फ्लेक्सवर आपल्या दुकानाचं नाव टाकायचं नाही. आणि चूक झाली तर ती आपल्या तोंडानं, तिथल्या तिथं घरच्यांना सांगायची.

फोन सायलेंट ठेवायच्या नियमावर मात्र खडाजंगी झाली. कराडचा एक गडी उठून उभा राहिला.

"आवं, फोन गप ठिवल्यावर फुडचं गिऱ्हाईक कळायचं कसं?"

"गिऱ्हाईक म्हणायचं न्हाई," मी म्हणालो. "त्याचाबी नियम हाय."

"मग काय म्हणायचं?"

ह्यावर समिती अर्धा तास बसली आणि काहीच ठरलं नाही. शेवटी जेवायला उठलो.

तर असा मी, नियमाचा माणूस. आणि तेवढ्यात तिसरं स्थळ आलं ते कुंडलचं. मुलगा सूरज, शेतात ठिबकच्या पायपा बसवायची कामं घेतो. त्याचे वडील फौजेत, राजस्थानात. घर चालवणारी दोघं, एक सूरजची आई सुमनताई आणि दुसरे त्याचे आजोबा, रिटायर्ड सुभेदार. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. ही मंडळी राहतात मळ्यात, गावापासून दोन किलोमीटर आत, उसाच्या मधोमध. पोरापोरीची पसंती झाली. मग तो प्रश्न आला. मी सगळं खरं सांगितलं आणि सुमनताईंच्या हातातल्या बशीकडं बघत बसलो.

आबांनी मिशीवरनं हात फिरवला. "फौजेत मी कितीजणांस्नी खांदा दिलाय. हे रोज देत्यात. वंगाळ काय हाय त्यात?"

सुमनताईंनी बशी ठेवली नाही, पण चहाही प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी माझ्या मनात भरलीया, खोटं न्हाई बोलत. पण पाव्हणं, एक सांगून ठिवते. सुपारीपासनं लगीन हुईपातूर तुमच्या धंद्यातली एक वस्तूबी आमच्या गावात यायची न्हाई. आली, तर ही सोयरीक मोडली म्हणून समजा."

"ताई, सुतळीचा तुकडा येणार न्हाई," मी शब्द दिला.

परत येताना गाडीत अश्विनीला फोन केला. पोरगी नुसती हसत राहिली. मंदानं डोळे पुसले. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं गप्प बसावं की नाही? पण मला सुचलं. माझ्या आयुष्यात जेवढी म्हणून वाट लागली, ती मला काहीतरी सुचल्यानंच लागली.

सूरज बोलता बोलता म्हणाला होता, सुपारी फोडायची त्याच दिवशी आबांना ऐंशी वर्षं पूर्ण होतायत, पण म्हातारा घरात काही करू देत नाही. मी मनात ठरवलं, सकाळी दहाला आबांना मळ्यातनं गावच्या चौकात आणायचं, शाल-श्रीफळ द्यायचं. चौकात त्यांचा मोठा फ्लेक्स लावायचा. मग वाजतगाजत त्यांना घेऊन मळ्यात सुपारीला जायचं. कुणाला आधी सांगायचं नाही, सूरजलासुद्धा नाही. आपल्याकडं वासराच्या बारशालाही फ्लेक्स लागतो, मग सुभेदाराला का नको?

फ्लेक्स म्हटलं की माझा रमजान. सतरा वर्षं माझं काम तोच करतो. आमची पद्धत ठरलेली आहे. मी फोटो आणि दोन ओळी पाठवायच्या. तो उलटा प्रश्न करत नाही. तासाभरात नमुना पाठवतो, मी अंगठा दाखवतो, आणि त्याची माणसं सकाळी जाऊन त्या गावात फ्लेक्स बांधून येतात. आदल्या संध्याकाळी साड्यांच्या दुकानातनं मी त्याला आबांचा फोटो पाठवला, गुलाबी फेट्यातला, हसरा. खाली लिहिलं, 'सुभेदार नामदेव आबा, कुंडल. उद्या सकाळी दहा, गावचा चौक. माप नेहमीचं. आठच्या आत लागला पाहिजे.'

त्यात वाढदिवस कुठं आहे, असं विचारताय ना? तो माझ्या डोक्यात होता. मेसेज मोजका लिहायचा म्हणून साताऱ्यात टेबल कुणी बडवलं होतं?

तासाभरानं नमुना आला. मंदा दोन हातांत दोन साड्या धरून समोर उभी. "मोरपंखी घेऊ का डाळिंबी?"

मी डाळिंबीकडं बघत बघत रमजानला अंगठा पाठवला. नमुना उघडून बघितला नाही. इतकंच काम होतं माझं, आणि तेवढंच मी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि मंदा पुढं निघालो, बाकीची भावकी मागच्या गाडीत. साडेनऊला कुंडलच्या चौकात आलो तर चौक माणसांनी भरलेला. दुकानांची शटरं खाली. बाप्ये टोप्या घालून मुकाट उभे, बायकांचे पदर तोंडाला. सात-आठ माजी फौजी छातीवर मेडलं लावून रांगेत. पहिल्यांदा मला वाटलं, बातमी फुटली आणि आबांच्या सत्काराला गाव लोटलं. मग भिंतीला टेकवलेले बांबू दिसले. ते बांबू कशाला आणलेत हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

"गावात कुणीतरी गेलंय वो," मंदा म्हणाली. "आता कुठली फुटतीय सुपारी."

एवढ्या महिन्यांनी पोरीचं जुळत आलं, आणि नेमकं आजच? चौकाच्या पलीकडच्या कडेला दोन खांबांना आपला फ्लेक्स बांधलेला दिसला, पण पाठमोरा. त्याचं तोंड पेठेकडं होतं. एवढ्या दुःखाच्या गर्दीत आपला वाढदिवसाचा फ्लेक्स झळकतोय म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तेवढ्यात तिरडी बांधणाऱ्या माणसाकडं माझं लक्ष गेलं.

"तुमी उतरू नका," मंदा म्हणाली.

तिचं बरोबर होतं. पण गाठ उलटी मारली होती हो. उलटी गाठ वाटेत सुटते. मी उतरलो.

गाठ मारणारे एक तात्या होते, घामाघूम झालेले. मी हळू आवाजात म्हणालो, "तात्या, द्या हिकडं. सांगलीला माझं हेच काम हाय."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सांगलीस्नं आलासा? मग मयत मागनं येतंय न्हवं?"

आता मला काय माहीत कुठलं मयत आणि कुठनं येतंय? पण विचारायचं नाही, हा नियम. अशा वेळी आम्ही ठरलेलं उत्तर देतो. लोकांना धीर येतो.

"येईल, येईल," मी म्हणालो. "घाई करायची न्हाई."

तात्या टाचा उंचावून गर्दीला म्हणाले, "मयत सांगलीस्नं निघालंय. पाव्हणं फुडं आल्यात."

झालं. ज्यांच्या मनात थोडी शंका होती तीही गेली. एक फौजी आजोबा रुमाल काढून डोळे पुसायला लागले. "लय दिलदार माणूस," कुणीतरी म्हणालं. मीही मान हलवली. मान हलवायला माहिती लागत नाही.

"बायका मयताच्या घरी गेल्यात," तात्या म्हणाले. "मी लाकडाची ट्रॉली बघून येतो. तेवढं बांधा तुमी."

मी बांबू उचलले आणि नियमाप्रमाणं घोळक्यापासून बाजूला, शाळेच्या भिंतीमागं नेले. एकटाच बांधायला बसलो. बसलो नाही तोच मागच्या बोळातनं एक सायकल आली, आणि सायकलवर कोण, तर आबा. नवी टोपी, कडक धोतर, गालावर मात्र दाढीचे खुंट.

"पाव्हणं, तुमी हितं?"

"आबा, तुमी कुठं?"

"सुपारी म्हणून दाढी करायला आलतो. त्या लेकानं सलून बंद ठिवलंय. कोण गेलं?"

"इचारायचं नसतंय, आबा."

"का?"

"आमच्यात तसा नियम हाय."

"केला कुणी?"

"मीच."

आबांना ते पटलं. "फौजेतबी असंच. हुकूम आला की करायचं, कुणाचा म्हणून इचारायचं न्हाई." त्यांनी सायकल भिंतीला लावली, धोतर खोचलं आणि माझ्यासमोर बसून बांबूचं टोक धरलं.

दोघं मिळून बांधायला लागलो. आबा सुस्कारा सोडून म्हणाले, "गावात मयत म्हटल्यावर आज सुपारी फुटायची न्हाई. आमची सुमन तर अजिबात ऐकायची न्हाई. आधीच तिच्या मनात तुमच्या धंद्याचं हाय."

"आबा, फुडं ढकलली तर मोडायची न्हाई ना?"

"मी हाय न्हवं. मी हाय तवर मोडत न्हाई."

मला एवढं बरं वाटलं ते ऐकून. आबा म्हणजे माझ्या पोरीचा आधार. आणि त्या भरात मी त्यांना म्हणालो, "आबा, लांबी किती धरायची कळंना झालंय. मयताची उंची म्हाईत न्हाई."

आबा उभे राहिले. "ह्या गावातली सगळी म्हातारी माझ्याच उंचीची हायत. माझ्या मापानं बांध की."

आणि मी मापलं हो. सुतळी घेतली, टाचेपासून डोक्यापर्यंत आबांना मापलं. टोपी काढायला लावली वर. आबा सावधान होऊन ताठ उभे.

तिरडी होत आल्यावर मला फ्लेक्सची आठवण झाली. दुःखाच्या ठिकाणी शुभेच्छांचा फ्लेक्स म्हणजे आमच्या आचारसंहितेच्या अगदी उलट. आबांना म्हणालो, "दोन गाठी राहिल्यात, तेवढ्या मारा. मी आलोच." गर्दीच्या कडेनं वळसा घालून पलीकडं गेलो आणि मान वर केली.

गुलाबी फेट्यातले आबा हसत होते. एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला समई. वर काळ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मधे 'कै. सुभेदार नामदेव आबा'. खाली 'अंत्ययात्रा आज सकाळी दहा वाजता, गावच्या चौकातून. शोकाकुल, समस्त ग्रामस्थ'.

मला आधी वाटलं चक्कर येतीय. मग वाटलं, आली तर बरं. रमजानला फोन लावला.

"रमजान, काय केलंस हे?"

"काय झालं दत्ताभाऊ? अक्षर चुकलं का?"

"अरं, म्हातारा जित्ता हाय."

रमजान म्हणाला, "दत्ताभाऊ, सतरा वर्षांत तुमी मला एकदा तरी जित्त्या माणसाचा फोटो पाठवलासा का? मला तर काल लय वाईट वाटलं. म्हटलं, किती हसरा म्हातारा."

आता गावानं मळ्यात एक फोन करून खात्री का केली नाही, असं तुम्ही म्हणाल. ज्याच्या घरात असं झालंय त्याला फोन करून 'खरं का?' असं कोण विचारतं? आपल्यात थेट जातात. गाव सरळमार्गी वागलं. चुकलो मी.

एकच विचार डोक्यात आला, काढ आणि पळ. मी खांबावरची दोरी सोडायला लागलो.

"आवं पाव्हणं, फ्लेक्स का काढतासा?" तात्या ट्रॉली घेऊन आले होते. "मयत यायचं हाय अजून."

"न्हाई, जरा वाकडा लागलाय."

"असूदे की वाकडा."

आणि नेमके तेव्हाच शाळेच्या भिंतीमागनं आबा आले, हातात सुतळीचा बंडल घेऊन. "पाव्हणं, सुतळी उरली. गाठी मारल्या."

मेडलंवाल्या फौजींपैकी एकाचा हात आपोआप सॅल्यूटला वर गेला, आणि कुणाला करायचा हे न कळून तसाच राहिला. तात्या मटकन ट्रॉलीच्या चाकाला टेकले.

"सुभेदार, तुमी?"

"मग कोण पायजे हुतं?" आबा म्हणाले. मग सगळे कुठं बघतायत ते बघून त्यांनीही फ्लेक्सकडं बघितलं. शांतपणे सगळा वाचला. शेवटची ओळ बोट फिरवत वाचली. मग मागं वळून शाळेच्या भिंतीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. ते काय बोलतायत ह्याच्या आधीच मळ्याच्या रस्त्यानं सुमनताई पळत आल्या.

अनवाणी. कोपरापर्यंत पुरणपोळीचं पीठ. बायका मळ्यात पोचल्या होत्या, रडत. सुमनताईंना वाटलं, सकाळी दाढीला म्हणून गेलेला म्हातारा वाटेतच कुठं पडला. दोन किलोमीटर पळत आल्या होत्या बिचाऱ्या. समोर आबा उभे बघून त्या तिथंच रस्त्यात बसल्या, आबांचे पाय धरले आणि हमसून हमसून रडायला लागल्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रडं आवरलं तशा त्या उठल्या. फ्लेक्स बघितला. डोळे असे लाल.

"कुणी केलं हे?"

फ्लेक्सवर नाव नाही, गाव नाही. बरोबर आहे, दुकानाचं नाव टाकायचं नाही हा नियम मीच करून घेतला होता. मी गप्प राहिलो असतो तर जन्मात कुणाला कळलं नसतं. गाडीच्या काचेतनं मंदा मान हलवत होती, नको म्हणून, हात जोडत होती. मला अश्विनी दिसत होती. सांगितलं तर पोरीचं लग्न मोडतं. न सांगितलं तर ह्या बाईच्या डोळ्याला डोळा देऊन मला उद्या व्याही म्हणून कसं बसता येईल?

"ताई, मी केलं," मी म्हणालो.

मग जे सुरू झालं ते थांबेना. वाढदिवस, शाल, रमजान, डाळिंबी साडी, अंगठा, सगळं ओकलो. "मयत येईल" म्हणालो तेही सांगितलं. आबांचं माप घेतलं ते मात्र मान खाली घालून सांगितलं.

"पाव्हणं," सुमनताई म्हणाल्या, "मी काय बोलले हुते?"

"एक वस्तूबी यायला नको."

"आणि तुमी काय आणलंसा?"

"बांबू गावचं हायत, ताई," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

एवढ्यात आबा मधे पडले. "सुमन, तू मगाशी रडलीस."

"मग काय करू? हसू?"

"न्हाई. मला वाटत हुतं, हिला मी जड झालोय. तंबाखूवरनं रोज भांडतीस, चहाबी आदळून देतीस. आज तू पायात काय न घालता पळत आलीस. हे मी गेल्यावर मला कसं दिसलं असतं?"

"काय बी बोलतासा," सुमनताई म्हणाल्या, आणि पिठाच्या हातानंच डोळे पुसायला लागल्या. पीठ डोळ्यात गेलं, मग आणखी पाणी आलं. चौकातल्या बायकाही रडायला लागल्या, पण आता सगळ्यांचं रडणं वेगळं होतं. मीसुद्धा रडलो. म्हातारा जित्ता होता हो, धडधाकट, समोर उभा होता. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

सुमनताई माझ्याकडं वळल्या. "तुमी हा फ्लेक्स गुंडाळून गप बसला असतासा तर मला कवा कळलंबी नसतं."

"व्हय, ताई."

"सोयरीक मोडंल हे म्हाईत असून सांगितलंसा?"

"व्हय."

त्यांनी हातांचं पीठ पदराला पुसलं.

"मग असल्या माणसाची पोरगी मला चालंल," त्या म्हणाल्या. "धंद्याचं माझ्या मनात हुतं ते मी काढून टाकलं. पण लग्नाची पत्रिका आमी छापणार. तुमी हात लावायचा न्हाई."

"बोटसुद्धा लावणार न्हाई."

आबांनी टोपी नीट केली. "मी जित्ता हाय ह्याच्यापरीस शुभ काय पायजे? गाव जमलंय, सुपारी हितंच फोडा."

तात्या बारीक आवाजात म्हणाले, "आबा, ती लाकडं?"

"ठिव मळ्यात. कवा ना कवा लागतीलच."

तिरडीच्या गाठी आबांनी स्वतः सोडल्या आणि जाता जाता मला म्हणाले, "गाठ मात्र तुमची पक्की हाय, पाव्हणं." मळ्यातनं पुरणाची पातेली आली, गावातनं आणखी दोन आली, कारण पन्नास माणसांच्या स्वयंपाकाला सगळं गाव होतं. सूरज आला, आमची भावकी आली. त्यांना काही कळेचना, एवढं गाव सुपारीला कसं जमलं म्हणून नुसते खूश. चौकातच ताडपत्री अंथरली. भटजींनी सुपारी मांडली, सुमनताईंनी मंदाची ओटी भरली, सुपारी फुटली. मी अश्विनीला फोन करून सांगितलं, "जमलं बाळा." बाकीचं तिला सांगितलं नाही. सूरजनं सांगितलं.

मग कुणीतरी म्हणालं, मुलीच्या वडलांनी दोन शब्द बोलावेत.

मी उठलो. मन एवढं भरून आलं होतं की शब्द फुटेना. समोर गाव बसलेलं. मी हात जोडले, डोळे मिटले आणि जरा मान खाली घातली, एवढंच. सतरा वर्षांची सवय आहे, दुसरं उभं राहताच येत नाही मला.

डोळे उघडले तर अख्खं गाव उभं. बाप्यांनी टोप्या काढलेल्या, बायकांचे पदर डोक्यावर, फौजी सावधान, सगळ्यांच्या माना खाली. नवरा मुलगाही उभा. आणि सगळ्यांत पुढं, टोपी काखेत धरून, आबा.

कुणी हलेना. बसा म्हणायला माझं तोंड उघडेना. दोन मिनिटं अशी गेल्यावर सुमनताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाव्हणं, तुमी बसा बघू आता, न्हाईतर परत कुणीतरी रडायला लागंल."